काळं पडणारं तेल

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

गाडीचं ऑइल बदलायला गेलं, की मेकॅनिक एक गोष्ट हमखास करतो. डिपस्टिक ओढतो, तिच्या टोकावरचं तेल अंगठा आणि बोटात चोळतो आणि निकाल देतो, ‘साहेब, ऑइल संपलंय. बघा किती काळं पडलंय. पाणी झालंय पाणी.’ आपण मान डोलावतो, कारण आपल्याला तरी त्यातलं काय कळतंय! मुंबईच्या पूर्व किनाऱ्यालगतच्या एका वंगणतेलाच्या कारखान्यात, तिथल्या प्रयोगशाळेत, मी तीस वर्षं काढली. त्या काळात नातेवाइकांपासून टॅक्सीवाल्यांपर्यंत सगळ्यांनी मला एकच प्रश्न विचारला. चांगलं ऑइल ओळखायचं कसं? बोटानं ओळखता येत नाही, हे माझं उत्तर कुणालाच आवडत नसे. का ओळखता येत नाही, हे सांगायचं तर ते बनतं कसं, इथपासून सुरुवात करावी लागते.

वंगण आपल्याला नवीन नाही. बैलगाडीच्या आसाला एरंडेल घालत, हे जुन्या मंडळींना आठवत असेल. गंमत म्हणजे मोटारींच्या आणि विमानांच्या सुरुवातीच्या काळातही एरंडेलाला मोठा मान होता. ‘कॅस्ट्रॉल’ हे १९०९ साली पुढं आलेलं नाव एरंडेलाच्या म्हणजे कॅस्टर ऑइलच्या नावावरूनच घडवलेलं आहे. पहिल्या महायुद्धातल्या अनेक विमानांची इंजिनं एरंडेलावर चालत. एरंडेल धातूला चांगलं धरून राहतं, पण उष्णतेनं त्याचा चिकट राळेसारखा थर बसतो. त्यामुळं मोटारगाड्यांमध्ये जमिनीतून निघणाऱ्या तेलानं त्याची जागा घेतली. तेही सुरुवातीला साधंच तेल होतं, त्यात काही मिसळलेलं नसे. दुकानातून आज आपण आणतो तो पाच लिटरचा कॅन घेतला, तर त्यात चारएक लिटर असं साधं तेल असतं. त्याला म्हणायचं बेस ऑइल. उरलेला लिटरभर भाग रसायनांचा, म्हणजे ॲडिटिव्हचा. सगळी कमाल या लिटरभरात आहे, असं म्हणायचा मोह होतो. पण पाया कच्चा असेल तर वरच्या मजल्याचा काही उपयोग नाही, म्हणून आधी पाया पाहू.

बेस ऑइल रिफायनरीत तयार होतं. मुंबईकरांना त्यासाठी लांब जायला नको. चेंबूरजवळ माहूलला १९६९ साली वंगणतेलाची रिफायनरी सुरू झाली. ती आज हिंदुस्तान पेट्रोलियमकडे आहे आणि त्या प्रकारची देशातली सगळ्यात मोठी मानली जाते. कच्च्या तेलातून पेट्रोल, रॉकेल, डिझेल काढून घेतल्यावर तळाशी जो जाड काळा गाळ उरतो, त्यातून हे तेल काढतात. तो गाळ नुसता तापवत गेलं तर साडेतीनशे अंशांच्या पुढं तेलाचे रेणूच तुटायला लागतात. म्हणून हवेचा दाब कमी करून, निर्वातात, त्याचं ऊर्ध्वपातन करतात. पातळ तेल वर निघतं, त्याखाली मध्यम, त्याखाली जाड. अगदी तळाशी जे राहतं त्यातून प्रोपेन वायूच्या मदतीनं डांबर वेगळं काढलं, की खूप दाट असं तेल मिळतं, त्याला ब्राइट स्टॉक म्हणतात. हे नाव लक्षात ठेवा, पुढं एका वाईट कामात ते भेटणार आहे.

या तेलांत मेण असतं. थंडीत आपल्याकडं खोबरेलाची बाटली थिजते आणि ती उन्हात किंवा गरम पाण्यात ठेवावी लागते. इंजिनातलं तेल असं थिजून चालणार नाही. म्हणून ते एका द्रावकात मिसळून शून्याच्या बरंच खाली गार करतात, मेणाचे खडे धरले की गाळून घेतात. गाळलेल्या मेणातून पुढं मेणबत्त्या होतात. अलीकडच्या पद्धतीत मेण गाळत बसत नाहीत. हायड्रोजन आणि उत्प्रेरक वापरून रेणूंचीच रचना बदलून टाकतात. असं तेल पाण्यासारखं स्वच्छ दिसतं, गंधक जवळजवळ नाहीसं झालेलं असतं आणि ते उष्णतेत जास्त काळ टिकतं. अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटनं बेस ऑइलचे पाच गट केले आहेत. पहिला गट जुन्या पद्धतीचा; दुसरा आणि तिसरा हायड्रोजनच्या प्रक्रियेचे; चौथ्यात प्रयोगशाळेत रेणू जोडून केलेलं कृत्रिम तेल; आणि बाकी सगळं पाचव्यात. या वर्गवारीनं आपलं एरंडेल पाचव्या गटात, सगळ्यात महागड्या कृत्रिम तेलांच्या पंगतीत बसतं!

आता दाटपणाकडं येऊ. पाठ्यपुस्तकात त्याला श्यानता म्हणतात, आपण दाटपणाच म्हणू. कॅनवर ‘२० डब्ल्यू ४०’ असं लिहिलेलं असतं. त्यातला डब्ल्यू वजनाचा आहे, असा अनेकांचा समज आहे. तो विंटरचा, म्हणजे हिवाळ्याचा. पहिला आकडा थंडीत तेल किती सहज हलेल ते सांगतो, दुसरा आकडा १०० अंश सेल्सियसला ते किती दाट राहील ते सांगतो. ४० ग्रेडचं तेल १०० अंशांना १२.५ ते १६.३ सेंटिस्टोक यांच्या दरम्यान बसलं पाहिजे. सेंटिस्टोक हे दाटपणा मोजायचं माप. खोलीतल्या तापमानाचं पाणी साधारण १ भरतं. हेच तेल ४० अंशांना मोजलं तर ते १२० च्या आसपास निघतं. म्हणजे ६० अंशांच्या फरकानं दाटपणा आठपटींनी उतरतो. गरम इंजिनातलं तेल बोटात धरून ‘पाणी झालंय’ म्हणणारा मेकॅनिक खोटं बोलत नाही, पण नवं कोरं तेलही त्या तापमानाला पाण्यासारखंच लागेल, हे तो सांगत नाही.

सगळीच तेलं उष्णतेनं सारखी पातळ होत नाहीत. १९२९ साली अमेरिकेत डीन आणि डेव्हिस या दोघांनी याचं माप बसवलं. पेनसिल्व्हेनियाचं तेल सगळ्यात कमी बदलायचं, त्याला १०० गुण दिले. मेक्सिकोच्या आखाताजवळचं तेल सगळ्यात जास्त बदलायचं, त्याला शून्य. आज उत्तम बेस ऑइल १२० च्या वर जातात, म्हणजे मापपट्टीच तोकडी पडली. तरीही नुसत्या बेस ऑइलवर २० डब्ल्यू ४० सहसा जमत नाही. तिथं एक लांबलचक साखळीचा रेणू, पॉलिमर, मिसळावा लागतो. थंड तेलात ही साखळी लोकरीच्या गुंड्यासारखी आकसून बसते, गरम झालं की सुटते आणि तेलाला पातळ होण्यापासून काही अंशी अडवते. यातले काही पॉलिमर कारखान्यात रबराच्या लाद्यांसारखे येतात. त्यांचे तुकडे करून गरम बेस ऑइलमध्ये तासन् तास विरघळवत बसायचं, हे काम कुणालाच आवडत नाही. या साखळ्यांचं एक दुखणं आहे. दातेरी चाकांमध्ये चिरडल्या गेल्या की त्या तुटतात, आणि तुटली साखळी पुन्हा जोडली जात नाही. आपल्याकडच्या मोटरसायकलींत इंजिन आणि गिअर एकाच तेलात बुडालेले असतात, म्हणून तिथं तेल लवकर पातळ होतं.

मिश्रणाचं गणितही सरळ नाही. नव्यानं कामाला लागलेल्या मुलांना मी पहिल्या दिवशी एक कोडं घालत असे. एक तेल ५ सेंटिस्टोकचं, दुसरं ब्राइट स्टॉक ३२ चं. दोन्ही निम्मं निम्मं मिसळलं तर किती? मुलं पटकन सांगत, साडेअठरा. प्रत्यक्षात येतं ११ च्या आसपास. पातळ तेलाची ओढ नेहमीच जास्त असते. त्यामुळं हे हिशेब लॉगॅरिथमनं करावे लागतात. पूर्वी आम्ही तक्त्यावर पट्टी ठेवून करायचो, आता संगणक करतो.

आणि आता तो लिटरभर मसाला. यातला सगळ्यात मोठा गट इंजिन स्वच्छ ठेवणाऱ्या पदार्थांचा. इंधन जळताना आम्लं तयार होतात, ती धातूला खातात. त्यांना मारायला तेलात कॅल्शियम कार्बोनेट घातलेलं असतं. म्हणजे खडू! पित्त झाल्यावर आपण चघळतो त्या काही गोळ्यांतही हेच असतं. तेलात खडू विरघळत नाही, मग तो तळाशी कसा बसत नाही? तर त्याचे कण इतके सूक्ष्म केलेले असतात, आणि प्रत्येक कणाभोवती साबणासारख्या रेणूंचं असं कुंपण असतं, की डोळ्यांना तेल स्वच्छच दिसतं. हा आम्ल मारण्याचा साठा किती शिल्लक आहे ते मोजता येतं. त्याला टीबीएन म्हणतात, आणि तेल ‘संपलं’ या शब्दाला जर काही अर्थ असेल तर त्यातला मोठा भाग हा आकडा खाली येणं हा आहे. तो बोटाला लागत नाही.

दुसरा पदार्थ काजळी तरंगत ठेवणारा. काजळीचे कण एकमेकांना चिकटले तर त्यांचे गोळे होऊन तेलाच्या बारीक वाटा बुजवतात. हा पदार्थ प्रत्येक कण सुटा पकडून तेलातच लोंबकळत ठेवतो, फिल्टरमधूनही तो कण आरपार जातो, आणि ऑइल बदलताना सगळी घाण बाहेर पडते. डिझेल गाडीत हजार किलोमीटरच्या आतच तेल काळं झालं, तर तक्रार घेऊन यायचं कारण नाही. ते नेमून दिलेलं काम करतंय. उलट कित्येक दिवस सोनेरी राहणारं डिझेलच्या गाडीतलं तेल पाहिलं, तर काजळी आत कुठंतरी बसतेय का, असा संशय मला आधी येईल.

तिसरा आहे जस्त आणि फॉस्फरसचा पदार्थ. त्याला सगळे झेडडीडीपी म्हणतात. दोन धातूंमधली तेलाची फिल्म जिथं तुटते, उदाहरणार्थ कॅमच्या टोकावर, तिथं घर्षणाच्या उष्णतेनं हा फुटतो आणि धातूवर काचेसारखा अतिशय पातळ थर चढवतो. मग धातूऐवजी तो थर झिजतो आणि पुन्हा नवा चढतो. गेल्या शतकाच्या चाळिशीपासून तो वापरात आहे आणि त्याला अजून कुणी पुरतं हटवू शकलेलं नाही. बाकी तेल आंबू न देणारे, गंज अडवणारे, उरलंसुरलं मेण थिजू न देणारे पदार्थ असतात, त्यांची यादी देत बसत नाही. फक्त एकाबद्दल सांगतो. क्रँक फिरताना तेलाला फेस येतो, तो मोडायला सिलिकॉन घालतात. किती? दहा टनांच्या बॅचला शंभर-दीडशे ग्रॅम. जास्त घातलं तर फेस मोडतो, पण हवेचे बारीक बुडबुडे तेलातच अडकून राहायला लागतात.

म्हणून मी म्हणतो, ही मिसळ मोठी नाजूक आहे. स्वच्छ करणारा रेणू, झीज थांबवणारा रेणू, घर्षण कमी करणारा रेणू, सगळ्यांना बसायला धातूचा एकच पृष्ठभाग. लोकलच्या चौथ्या सीटसारखी अवस्था. एकाला जास्त जागा दिली तर दुसरा उभा राहतो. चांगल्या तेलात वरून आणखी एखाद्या ‘जादूच्या’ बाटलीतलं औषध ओतू नका, असं मी सांगतो ते यामुळं.

प्रत्यक्ष ब्लेंडिंग पाहायला आलेल्या माणसांची थोडी निराशाच होते. मोठमोठ्या टाक्या, त्यांना आम्ही केटल म्हणतो, आत वाफेची वेटोळी आणि फिरतं पातं. आधी बेस ऑइल घ्यायचं, ते साठ अंशांच्या आसपास तापवायचं, मग पॉलिमर, मग ॲडिटिव्हचं पॅकेज, सिलिकॉन सगळ्यात शेवटी. तापमान फार वाढू द्यायचं नाही, नाहीतर झेडडीडीपी इंजिनात फुटायचं ते टाकीतच फुटतं आणि सडक्या अंड्यांचा वास सुटतो. ॲडिटिव्ह काकवीसारखं दाट असतं. पिंप गरम करून उपडं केलं तरी आत दोन-तीन किलो चिकटून राहतं. म्हणून त्याच बॅचच्या गरम बेस ऑइलनं पिंप विसळून ते पाणी, म्हणजे तेलच, केटलमध्ये ओतायचं. भांड्याला लागलेली आमटी विसळून घेणाऱ्या आजीचा स्वभाव इथं कामाला येतो.

खरी डोकेदुखी नळांची. एकाच नळातून सकाळी इंजिन ऑइल आणि दुपारी टर्बाइनचं तेल गेलं, तर मागं राहिलेलं थोडंसं इंजिन ऑइलही घात करतं. टर्बाइनच्या तेलानं पाण्यापासून चटकन वेगळं व्हायला हवं, आणि इंजिन ऑइलमधले साबणासारखे पदार्थ नेमकं तेच होऊ देत नाहीत. त्यामुळं नळातून रबराचा एक गट्टू हवेच्या दाबानं ढकलून नळ पुसून घेतात. त्याला पिग म्हणतात. ‘साहेब, डुक्कर सोडलं,’ असा निरोप फोनवर आला, की नव्या माणसाची धांदल उडत असे.

बॅच झाली की नमुना प्रयोगशाळेत. दाटपणा, ज्वलनबिंदू, टीबीएन, फेस, थिजण्याचं तापमान, आणि शेवटी अतिउष्ण ज्योतीत तेलाचा फवारा सोडून कॅल्शियम, जस्त, फॉस्फरस किती ते मोजायचं. सगळे आकडे मर्यादेत असल्याशिवाय डबा भरायचा नाही.

या परीक्षा का, ते एका माणसामुळं मला फार नीट कळलं. २००४-०५ च्या सुमारास भिवंडीकडचे एक टेम्पोमालक ओळखीनं आमच्याकडं आले. उसनवारी करून इंजिनकाम केलेलं, आणि ते पैसे फिटायच्या आत क्रँकचं बेअरिंग गेलं. हातात अर्धा कॅन तेल. तेल दिसायला सोनेरी, बोटाला दाट, तार धरणारं. दाटपणा मोजला तर अगदी ४० ग्रेडमध्ये बसला! मग टीबीएन काढला, तो जवळजवळ शून्य. जस्त नाही, कॅल्शियम नाही. साधं बेस ऑइल, दाट दिसायला ब्राइट स्टॉक आणि थोडा रंग, एवढंच भरलं होतं. कॅन मात्र एका नावाजलेल्या कंपनीचा, खराखुरा, बहुधा भंगारातून उचललेला. ‘साहेब, हाताला तर एकदम मस्त लागत होतं,’ ते पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. अहवाल मी लिहून दिला. पण दुकानदारानं पावती दिलेली नव्हती, त्यामुळं त्या कागदाचा त्यांना काही उपयोग झाला नाही. इंजिन पुन्हा उतरवावं लागलं.

म्हणून बोटाची परीक्षा सोडा आणि कॅनवरची अक्षरं वाचा. गाडीच्या पुस्तिकेत जो ग्रेड आणि जो दर्जा लिहिलाय तोच घ्या. दुकानदार ‘याच्यापेक्षा भारी’ म्हणून देतो ते तुमच्या गाडीला भारी असेलच असं नाही. मोटरसायकलचा क्लच बहुतेक वेळा तेलात बुडालेला असतो. मोटारीच्या काही तेलांत घर्षण कमी करणारे पदार्थ असतात. ते मोटरसायकलला घातले तर क्लच घसरायला लागतो. त्यासाठी जपानी मानक आहे, डब्यावर ‘जासो एमए’ असं छापलेलं असतं, ते पाहा. डिझेल गाड्यांची गोष्ट निराळी. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला आपल्या डिझेलमध्ये एक टक्क्यापर्यंत गंधक चालत असे. तेव्हा आम्ल भरपूर, म्हणून तेलात खडूही भरपूर घालावा लागे. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहा लागू झालं आणि गंधक दशलक्ष भागांत दहा भागांवर आलं, म्हणजे हजारपट कमी. त्या गाड्यांच्या धुराड्यात काजळी अडवणारी जाळी असते. तेलातला कॅल्शियम आणि जस्त जळून संपत नाही, त्याची राख होते आणि ती जाळी हळूहळू बुजवते. म्हणून या गाड्यांना कमी राखेचं तेल लागतं. जुन्या ट्रकसाठी उत्तम असलेलं तेल इथं नुकसान करतं. दोन्ही तेलं अस्सल, दोन्ही चांगली, आणि बोटाला दोन्ही सारखीच.

आता काढलेल्या तेलाबद्दल, कारण त्याकडं कुणी बघतच नाही. गॅरेजमागच्या गटारात ते सोडणं हा गुन्हा आहे. कायद्यानं ते घातक कचऱ्यात मोडतं. पण त्यातलं बेस ऑइल बरंचसं शाबूत असतं. संपलेला असतो तो मुख्यतः वरचा मसाला. पाणी, इंधन, काजळी आणि धातू काढून, पुन्हा निर्वातात ऊर्ध्वपातन आणि हायड्रोजनची प्रक्रिया केली, तर त्यातून चांगलं बेस ऑइल परत मिळतं. आपला देश बेस ऑइलचा मोठा हिस्सा बाहेरून आणतो, हे लक्षात घेतलं तर त्या काळ्या पिंपाची किंमत कळेल. एप्रिल २०२४ पासून तर तेल बनवणाऱ्या आणि आयात करणाऱ्या कंपन्यांवरच त्यातला ठरावीक वाटा पुनर्प्रक्रियेला जाईल हे बघायची जबाबदारी आली आहे. तुमच्या गॅरेजवाल्याला एवढंच विचारा, की जुनं तेल कुणाला देतोस, आणि त्या माणसाकडं प्रदूषण मंडळाची परवानगी आहे का. नवा कॅन डोळ्यांदेखत उघडायला सांगा, पावती मागून घ्या. आणि रिकाम्या कॅनला तिथंच स्क्रूड्रायव्हरनं दोन भोकं पाडा, म्हणजे तो पुन्हा कुणाला भरता येणार नाही.